एका ताग्यातली माणसं

लातूरकडच्या मुरुडच्या बाजारपेठेत शिवकांताबाई कोण असं विचारलंत तर माणूस डोकं खाजवील. पण चमकीवाल्या बाई कुठं राहतात म्हणून विचारा, तो हातातलं काम टाकून तुम्हाला दारापर्यंत आणून सोडील. मी त्यांना वहिनी म्हणतो. त्यांचे यजमान संगप्पा आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो आणि एकाच गणितात नापास झालो, त्यामुळे हे नातं पक्कं आहे.

माझं नाव भुजंग. खरिपात सोयाबीन पेरतो आणि उरलेल्या दिवसांत जिथं कुणी माईक हातात देईल तिथं बोलतो. संगप्पाच्या ‘शिवगंगा परिवार संगीत पार्टी’चा मी निवेदक. परिवारात माझी गणती नाही, पण परिवाराच्या कापडातलं जाकीट मलाही मिळतं. उन्हानं रापलेल्या माझ्या तोंडाखाली मोरपंखी सॅटिनचं जाकीट कसं दिसतं, याबद्दल माझ्या बायकोचं एक मत आहे. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

संगप्पाचं किराणा दुकान आहे. दिवसा तो साखर-तेल विकतो आणि कार्यक्रम असला की दुकानाचं शटर ओढून कीबोर्डला बसतो. थोरला रविकिरण कॉलेजात जातो, तो ऑक्टोपॅड वाजवतो. धाकटी मंजुश्री गाते. तिच्या मागे उभ्या राहून वहिनी खंजिरी वाजवतात. जत्रा, गणपती, बसव जयंती, कुणाच्या घरची हळद, बोलावणं येईल तिथं ही मंडळी जातात. गाणं चांगलं असायचंच, पण खरं सांगायचं तर लोकांच्या डोळ्यात आधी भरायचे ते कपडे. पाच माणसं एकाच रंगात, एकाच झगमगाटात स्टेजवर आली की पुढची पोरं शिट्ट्या मारायची आणि बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या.

हे सगळे कपडे वहिनींच्या हातचे. त्या निलंग्याकडच्या, कर्नाटकाच्या शिवेजवळच्या. त्यांचे वडील शिवप्पा आठवडी बाजारात कापड विकायचे, म्हणून अंगठा आणि बोट यांच्यात कापड चोळून त्याची जात सांगायला त्या लहानपणीच शिकल्या. घरात पोरं त्यांना अव्वा म्हणतात आणि संगप्पाला अप्पा. वहिनी रागावल्या की कानडीत जातात. संगप्पाला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कानडी नीट येत नाही, आणि मला वाटतं त्यांचा संसार त्यामुळेच सुखाचा झाला. वहिनींच्या लहानपणी निलंग्यात एक ऑर्केस्ट्रा आला होता. त्यातल्या गाणाऱ्या मुलीच्या अंगात लाल चमकीचा झगा होता. तो बघून शिवकांता नावाच्या पोरीनं ठरवलं की आपल्याला मुलगी झाली तर तिला असाच झगा शिवायचा. माणसं काय काय ठरवतात आयुष्यात. वहिनींनी हे ठरवलं आणि करून दाखवलं.

दरवर्षी गणपतीच्या आधी त्या लातूरला गंजगोलाईत जातात आणि एक तागा आणतात. एकच. सगळ्यांचे कपडे त्या एका ताग्यातून निघाले पाहिजेत, दुसऱ्या ताग्याचा रंग नखाएवढा का होईना फिरतो असं त्यांचं म्हणणं. एकदा मी सोबत गेलो होतो. दुकानदारानं आधी चहा पाजला, मग थंड पाजलं, मग हात जोडले. वहिनी मात्र प्रत्येक ताग्याचं टोक रस्त्यावर उन्हात नेऊन बघत होत्या.

तागा घरी आला की पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचं आणि पहिली कात्री मंजुश्रीच्या कपड्याला लावायची. घरातलं सगळ्यात लहान, म्हणून कापडाचा सगळ्यात देखणा भाग तिचा. उरलेल्यात आम्ही बाकीचे. आणि इथं एक रीत होती. गाणाऱ्या लेकराच्या अंगाला टेप लावायचा नाही, दृष्ट लागते, असं वहिनींच्या आईनं सांगितलेलं. माझ्या जाकिटाचं माप त्या तीन-तीनदा घेत, आणि पोट दरवर्षी का वाढतंय म्हणून चार शब्दही ऐकवत. मंजुश्रीचं माप मात्र कधीच घेतलं नाही. ती आठ वर्षांची असताना तिचा अंगाला बरोबर बसणारा शाळेचा फ्रॉक जुन्या कॅलेंडरच्या कागदावर अंथरून त्यांनी एक फर्मा कापला होता. तो खुंटीला टांगलेला असायचा. तोच दरवर्षी खाली यायचा.

पोर वाढते हे का वहिनींना दिसत नव्हतं? दिसत होतं. त्या खालून झालर वाढवायच्या. एका वर्षी एक झालर, पुढच्या वर्षी दोन. बाजूची शिवण बोटभर सैल सोडायच्या. खांदे आणि छाती मात्र कागदातलीच राहिली. झगा शिवून झाला की तो देवापुढं ठेवायचा आणि थेट स्टेजवर चढताना अंगात घालायचा, ही दुसरी रीत. त्याच्या आधी घालून बघायचं नाही, त्यात गाणं तर नाहीच नाही. मी अशा गोष्टींना हसतो. पेरणीला निघताना मांजर आडवं गेलं तर घटकाभर थांबतो, तेवढं सोडलं तर मी फार पुढारलेला माणूस आहे.

मंजुश्री नऊ वर्षांची असताना तिच्या एका गाण्याचा व्हिडिओ कुणीतरी मोबाईलवर काढला आणि तो गावोगाव फिरला. संगप्पानंच रचलेलं महादेवाचं गाणं. शेवटच्या कडव्यात आवाज उंच चढतो आणि तिथं ती एका दमात सूर धरून अशी थांबायची की ऐकणाऱ्याचाच जीव कासावीस व्हावा. तेव्हापासून ती ‘छोटी मंजुश्री’ झाली. पत्रकावर छोटी मंजुश्री, बॅनरवर छोटी मंजुश्री. मी माईकवर सांगायचो, “अवघ्या आठ वर्षांची आपली लाडकी.” ती दहाची झाली, अकराची झाली, बाराची झाली, संगप्पाच्या हुकमावरून माईकवर ती आठचीच राहिली. धंद्यात लेकरं वाढू नयेत असं प्रत्येक बापाला वाटत असावं.

गेल्या साली घोटाळा सुरू झाला. औशाच्या कार्यक्रमात शेवटच्या कडव्यात मंजुश्रीचा दम तुटला. अर्ध्यात आवाज विरला, रविकिरणनं ऑक्टोपॅडवर जोर लावून वेळ मारून नेली. उदगीरला पुन्हा तेच. बसव जयंतीला तर दुसऱ्याच कडव्यात तिचा चेहरा लाल झाला आणि तिनं पाणी मागितलं. संगप्पा हादरला. त्यानं तिला लातूरला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी घसा तपासला आणि गळ्याला काही झालेलं नाही, मुलगी मोठी होतेय एवढंच, असं सांगितलं. मग घरगुती उपाय झाले. ताक बंद, लोणचं बंद, सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. वहिनींनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली.

गंमत अशी की घरात ती व्यवस्थित गायची. भांडी घासताना, दोरीवरचे कपडे काढताना, शेवटचं कडवं अख्खं. गल्लीत ऐकू जायचं. त्यावरून संगप्पानं निदान केलं की पोर स्टेजवर भेदरते. आता ज्या पोरीनं पाच वर्षांची असल्यापासून हजारो माणसांपुढं माईक धरला ती तेराव्या वर्षी कशाला भेदरेल, असं मी त्याला विचारलं. त्यावर त्यानं मला, तू निवेदनाचं बघ, म्हणून सांगितलं. मी निवेदनाचं बघायला लागलो.

यंदा गणपतीसाठी धर्माबादच्या एका मंडळाचं बोलावणं आलं. अध्यक्ष किशनराव, मिरचीचे व्यापारी. त्यांनी तो जुना व्हिडिओ पाहिला होता आणि त्यांना छोटी मंजुश्रीच हवी होती, तसल्याच झग्यात, त्याच गाण्यासकट. नांदेड जिल्ह्यातलं आमचं पहिलंच मोठं बोलावणं. संगप्पा एक दिवस आनंदात होता. दुसऱ्या दिवशी त्याला शेवटचं कडवं आठवलं. मग त्यानं तोडगा काढला. त्या व्हिडिओच्या वेळचं मंजुश्रीचं रेकॉर्डिंग त्याच्याकडं होतं. ते पेनड्राइव्हमध्ये घ्यायचं, मिक्सरला लावायचं, आणि मंजुश्रीनं माईक तोंडापुढं धरून नुसते ओठ हलवायचे.

मंजुश्रीनं ते ऐकून घेतलं. ती आरडाओरडा करणारी पोर नव्हे. तिनं अप्पाला एवढंच सांगितलं, की धर्माबादला येते, तुम्ही म्हणता तसे ओठ हलवते, पण त्यानंतर मी स्टेजवर चढणार न्हाई. आणि त्या दिवसापासून ती घरातही गायची बंद झाली. भांडी घासली जात होती, कपडे वाळत होते, आवाज नव्हता.

वहिनी माझ्या बायकोकडं जिरे मागायला आल्या आणि जिरे न घेताच बसून राहिल्या. घर मुकं झालंय म्हणाल्या. कार्यक्रमाचं त्यांना काही नव्हतं. पोरीचं गाणंच सुटतंय की काय, या धास्तीनं त्या अर्ध्या झाल्या होत्या. आणि या बाईंनी त्या धास्तीवर उपाय काय करावा? यंदाचा झगा आजवरच्या सगळ्या झग्यांपेक्षा सुंदर करायला घेतला. मोरपंखी सॅटिन, छातीवर जरीची वेल, कमरेला तीन पदरी झालर. पोर एवढा झगा बघून खुलेल असं त्यांना वाटलं. फर्मा खुंटीवरून खाली आला.

आम्ही सकाळीच क्रूझरनं निघालो. नांदेडला जेवण केलं. मंजुश्री सगळा रस्ता खिडकीशी बसून होती. धर्माबादला पोचलो तर वेशीतच बॅनर. त्यावर नऊ वर्षांची मंजुश्री, दात पडलेली, हसणारी. आमच्या मंजुश्रीनं गाडीतून वर बघितलं आणि मान फिरवली. ती आता वहिनींच्या खांद्याला नव्हे, जवळजवळ कानाला लागत होती.

मैदानाला लागून शाळा होती. कपडे बदलायला आम्हाला तिथला एक वर्ग दिला होता. दिवेलागण व्हायला आली होती, बाहेर आरतीची गडबड सुरू होती. संगप्पा आणि रविकिरण स्टेजवर वायरी जोडत होते. मी जाकीट घालून व्हरांड्यात उभा होतो आणि आत मायलेकी होत्या. दार लोटलेलं होतं. पुढचं मी थोडं ऐकलं आणि थोडं वहिनींनी नंतर सांगितलं.

नवा झगा अंगात गेला पण पाठीमागचे हूक लागेनात. सॅटिन नवं, कडक. वहिनींनी दोन्ही बाजू ओढल्या.

“श्वास आत घे आन् धरून ठेव,” त्या म्हणाल्या. एक हूक लागला. दुसरा लागला. सगळे लागले. “आता सोडू नको.”

हे त्या बोलल्या आणि बोलता बोलता थांबल्या. मला वाटलं तयारी झाली, म्हणून मी दारावर टकटक करणार होतो. तेवढ्यात वहिनींचा आवाज आला.

“शेवटचं कडवं म्हण बरं.”

मंजुश्रीनं आठवण करून दिली की झगा घालून स्टेजच्या आधी गायचं नसतं. वहिनींनी पुन्हा तेवढंच सांगितलं, म्हण. पोरीनं सूर लावला. वर चढली आणि दम तुटला. उदगीरला तुटला होता अगदी त्याच जागी.

मग हूक सुटल्याचे आवाज आले, एकामागून एक, घाईघाईनं. वहिनींनी झगा खाली उतरवला. पोरीच्या काखेत आणि छातीभोवती लाल वळ उठले होते. आतल्या साध्या शर्टवर तिला तशीच उभी करून त्यांनी तेच कडवं पुन्हा म्हणायला लावलं. ते म्हणणं मी व्हरांड्यातून ऐकलं. आवाज पूर्वीपेक्षा भरीव झाला होता, खालून आला, वर गेला आणि वर गेला तिथं थांबला.

“हे वळ कधीपासून हायेत?” वहिनींनी विचारलं.

“गेल्या साली झगा घातला तवापासून.”

“मग बोलली का न्हाईस गं?”

“तू लई हौसेनं शिवत व्हतीस, अव्वा,” मंजुश्री म्हणाली. “आन् अप्पा म्हणले, आवाज गेलाय. मला बी तसंच वाटलं.”

वहिनी रडल्या. पहिली-दुसरीच्या पोरांचं ते छोटं बाक, त्यावर बसून, पदर तोंडाशी धरून रडल्या. वर्षभर पोरीचं ताक-लोणचं बंद केलं, गुळण्या करायला लावल्या, दृष्ट काढली, आणि दृष्टीच्या भीतीनं कापलेला तो कागद मात्र रोज समोर खुंटीवर लटकत होता. हे त्यांना एका क्षणात दिसलं. मला त्यांची फार कीव आली आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

पण ही बाई रडत बसणाऱ्यातली नव्हे. डोळे पुसून त्यांनी दार उघडलं, मला बघितलं, मी तिथं काय करतोय हे विचारलंही नाही, आणि संगप्पाला बोलवायला सांगितलं. संगप्पा हातात वायर घेऊनच आला. वहिनींनी त्याला वळांची गोष्ट सांगितली आणि आज पोर स्वतः गाणार म्हणून सांगितलं. मग त्याच्यातला पार्टीचा मालक जागा झाला. झगा बसत नाही तर घालायचं काय? सगळ्यांचे कपडे एका ताग्यातले, तिनं एकटीनं सलवार-कमीज घालून उभं राहायचं का? आणि किशनरावांनी छोटी मंजुश्री मागितलीय, त्याचं काय?

“छोटी मंजुश्री आता माझ्या कागदात राहिली फकस्त,” वहिनी म्हणाल्या. “पोर म्होरं गेली.”

मग त्यांनी आपल्या पिशवीतून स्वतःचा झगा काढला. त्याच मोरपंखी ताग्यातला, पण साधा, सैल, कमरेला नाडी असलेला पायघोळ झगा. स्वतःसाठी त्या नेहमी उरलेल्या कापडाचा शिवायच्या, जरी नाही, झालर नाही. तो त्यांनी मंजुश्रीच्या अंगात घातला. बाजूला थोडा ढगळ झाला, तिथं सुई-दोरा घेऊन उभ्या उभ्या कच्चा टाका घातला. मंजुश्रीनं हात वर केले, खाली केले, खोल श्वास घेतला आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

“मग तू काय घालशील?” संगप्पानं विचारलं.

वहिनींच्या अंगावर प्रवासातली साधी साडी होती. त्यांनी खंजिरी उचलून माझ्या हातात दिली आणि आपण खाली बसणार म्हणून सांगितलं. मला खंजिरी वाजवता येत नाही. ते त्यांनी विचारात घेतलं नाही.

संगप्पा अजून दारातच उभा होता. त्याच्या खिशात तो पेनड्राइव्ह होता आणि हात खिशावर. तो वाईट माणूस नाही. एवढी वर्षं उभं केलेलं नाव एका संध्याकाळी बुडेल, या भीतीनं त्याचं तोंड उतरलं होतं.

“फसलं तर?” तो हळू आवाजात म्हणाला.

“फसलं तर तिचं ती फसंल,” वहिनी म्हणाल्या. “स्वतःच्या तोंडानं फसंल. दुसऱ्याच्या न्हाई.”

ते दुसरं कोण, तर मंजुश्री स्वतःच, चार वर्षांपूर्वीची. पण संगप्पाला ते समजलं. त्यानं पेनड्राइव्ह काढून वहिनींच्या हातावर ठेवला आणि स्टेजकडं गेला.

मी माईकसमोर उभा राहिलो तेव्हा मैदान भरलं होतं. पुढं पोरंटोरं, मागं खुर्च्यांवर व्यापारी मंडळी, डाव्या हाताला बाया. काखेत खंजिरी धरलेला निवेदक त्यांनी पूर्वी पाहिला नसावा. नेहमीचं वाक्य जिभेवर आलं होतं, ते गिळलं. तेरा वर्षांची मंजुश्री गातेय, ऐका, एवढंच बोललो. आयुष्यातलं हे माझं सगळ्यात तोकडं निवेदन, आणि बायकोच्या मते सगळ्यात चांगलं.

मंजुश्री आली. मैदानात कुजबुज झाली. ही कोण? छोटी कुठं आहे? पुढच्या रांगेत किशनराव बसले होते, त्यांनी मान वळवून बॅनरकडं बघितलं आणि मग माझ्याकडं असं बघितलं की मी खंजिरी वाजवायला लागलो. संगप्पानं सवयीनं जुनीच उंच पट्टी धरली, काळी पाच. मंजुश्रीनं दोन शब्द म्हटले आणि ती थांबली. ती मागं वळली आणि माईक तोंडाशी असतानाच म्हणाली, “अप्पा, पट्टी खाली घ्या.”

सगळ्या मैदानानं ते ऐकलं. कुणीतरी हसलं. संगप्पानं पोरीकडं बघितलं. लहानपणापासून तो पट्टी धरायचा आणि ती गायची, तिनं पट्टी मागितली असं कधी झालं नव्हतं. त्यानं कीबोर्डवरचं बटण दाबलं, सूर खाली आणला आणि तिला विचारल्यासारखी मान हलवली. तिनं अजून खाली म्हणून हात केला. त्यानं अजून खाली घेतला. काळी तीन.

मग ती गायली. सगळेच काही लगेच भारावून गेले नाहीत. मागची काही पोरं उठून पाळण्यांकडं गेली, कारण त्यांना दात पडलेली छोटी बघायची होती. पण जी बसली ती बसूनच राहिली. शेवटचं कडवं आलं तेव्हा रविकिरणनं वाजवणं हलकं केलं. मी खंजिरी कधीच बंद केली होती, त्यात सगळ्यांचंच भलं होतं. मंजुश्रीनं श्वास घेतला. झग्याचा पुढचा भाग फुगलेला मला बाजूनं दिसला. आवाज चढला, वर जाऊन थांबला, आणि तिथून ती घाई न करता खाली उतरली. टाळ्या आधी बायांच्या बाजूनं आल्या. किशनरावांनी शेजारच्याला काहीतरी सांगितलं आणि मग तेही टाळ्या वाजवायला लागले. पुढं तिनं आणखी गाणी म्हटली, तीन गाण्यांनंतर लोक फर्माईश करायला लागले आणि छोटीचं नाव कुणी काढलं नाही.

मध्ये रविकिरणनं ऑक्टोपॅडवर ढोलकीचा तुकडा सुरू केला तेव्हा मी पाण्याची बाटली घेऊन खाली वहिनींकडं गेलो. त्या बायांच्यात सतरंजीवर बसल्या होत्या. शेजारच्या म्हातारीनं त्यांना मघाशी विचारलं होतं, की ती लहान पोरगी आली न्हाई व्हय? वहिनींनी सांगितलं होतं, आलीया की, ती काय उभी. त्यांच्या मांडीवर पेनड्राइव्ह होता आणि हात त्याच्यावर नव्हते, दोन्ही हात गालांना लावलेले होते.

मी म्हटलं, वहिनी, पाणी घ्या. त्यांनी बाटली घेतली आणि तशीच धरून ठेवली. मग माझ्याकडं न बघता, स्टेजकडं बघत त्या बोलल्या.

“भाऊजी, इतकी वर्सं मी तिच्या पाठीमागं उभी व्हते. झगाच बघत व्हते. कुठं उसवलंय, कुठं चमकी सुटलीया. माझ्या पोरीचं गाणं मी आज ऐकलं.”